इंडक्शन दिवा तासाभरात विझतो, थंड झाला की परत लागतो: शिडी लावण्याआधी काय पाहायचं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "दिवा गेलाय, नवा बसवा." आपण जाऊन पाहावं तर दिवा छान लागलेला असतो. आपली पाठ वळली की परत विझतो. हा बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की आता फोनवरच चार प्रश्न विचारतो. त्यातल्या निम्म्या वेळा तरी वर चढावंच लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंडक्शन दिव्याची, म्हणजे आत फिलामेंट नसलेल्या दिव्याची, काच हा त्या सगळ्या जोडणीतला सर्वांत टिकाऊ भाग आहे आणि लोक सर्वांत आधी तोच बदलतात.

लक्षणं

सर्वांत जास्त दिसणारं लक्षण शीर्षकातच आहे. दिवा नीट लागतो, वीस मिनिटं ते तासभर पूर्ण उजेड देतो, मग एकदम बंद होतो. थोड्या वेळाने आपोआप किंवा बटण बंद-चालू केल्यावर पुन्हा लागतो. गरमीच्या दिवसांत हे वाढतं, थंडीत जवळजवळ नाहीसं होतं. म्हणूनच हिवाळ्यात "दुरुस्त झालं" असं वाटलेलं काम उन्हाळ्यात परत येतं.

दुसरा प्रकार म्हणजे दिवा लागतच नाही, पण बॅलास्टमधून, म्हणजे दिव्याला हवा तसा प्रवाह पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून, बारीक टिकटिक ऐकू येते किंवा काचेत क्षणभर फिकट झळक दिसते. बॅलास्ट दिवा पेटवायचा प्रयत्न करतो आहे आणि पेटत नाही, असा त्याचा अर्थ.

तिसरा, फडफड. जुन्या ट्यूबसारखी. सतत असेल तर एक कारण, एखादं मोठं यंत्र सुरू होतानाच होत असेल तर वेगळं.

चौथा, दिवा अंधार पडताच लागतो, विझतो, परत लागतो आणि रात्रभर हाच खेळ. यात दिव्याचा काही दोष नसतो, पुढे सांगतो.

सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटं उजेड कमी असणं हा मात्र बिघाड नाही. या दिव्यात पारा सुटा नसतो, दुसऱ्या धातूंशी मिसळलेला, म्हणजे अमलगमच्या रूपात असतो. तो गरम होऊन पाऱ्याची वाफ पुरेशी सुटेपर्यंत उजेड चढत जातो. याच एका कारणासाठी चांगले दिवे काढून ठेवलेले मी पाहिलेत.

बदलीचा मोह का टाळायचा

इंडक्शन म्हटलं की लोकांना शेगडी आठवते. तत्त्व खरोखर तेच आहे, फक्त इथे भांड्याच्या जागी वायू आहे. साध्या ट्यूबलाइटच्या दोन्ही टोकांना फिलामेंट असतात. त्यांच्यावरचा लेप झिजत जातो, टोकं काळी पडतात आणि एक दिवस ट्यूब जाते. इंडक्शन दिव्यात काचेच्या आत फिलामेंट नाही, कुठलीच तार आत जात नाही. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या गाभ्यावर तारेचं वेटोळं असतं, बॅलास्ट त्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने आतला वायू पेटतो, पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेच्या आतला लेप त्याचा पांढरा उजेड करतो. बाहेरून फेराइटची कडी बसवलेल्या दिव्यात ही वारंवारता साधारण २५० किलोहर्ट्झच्या आसपास असते. गाभा आत असलेल्या गोल दिव्यात ती २.६५ मेगाहर्ट्झपर्यंत जाते.

झिजायला आत काही नसल्यामुळेच या दिव्याचं आयुष्य ६०,००० ते १,००,००० तास सांगतात. रोज बारा तास धरले तर एक लाख तास म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षं. या काळात उजेड हळूहळू उतरतो, पण दिवा अचानक "उडत" नाही. बॅलास्टचं तसं नाही. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात आणि त्यांचा कामचलाऊ नियम सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पाठ असतो: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं. वीस अंशांनी वाढलं तर पाव. विजेची बचत आणि दीर्घ आयुष्य हे इंडक्शनचे दोन्ही फायदे बॅलास्ट किती थंड राहतो यावर टिकतात. ४०० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा जुन्या चोकसकट साडेचारशे वॉटच्या आसपास खेचायचा, त्या जागी २०० वॉटचा इंडक्शन बसवला की बिल निम्म्याहून खाली येतं हे खरं. पण दर दोन वर्षांनी बॅलास्ट जळत असेल, तर ती बचत शिडीवर आणि सुट्या भागांवर जाते.

आणखी एक गैरसमज. सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिव्यांवर काम केलेले लोक "लागतो-विझतो-लागतो" ऐकलं की दिवा म्हातारा झाला असं ठरवतात. त्या दिव्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं. वय झालं की त्यांना लागणारा व्होल्टेज वाढत जातो, चोकला तो पुरवता येत नाही, दिवा विझतो, थंड होतो, परत पेटतो. इंडक्शनमध्ये तेच लक्षण दिसलं तरी कारण बहुतेक वेळा दिव्यात नसतं. हात जुन्या सवयीने नव्या दिव्याच्या खोक्याकडे जातो, तेवढा आवरायचा.

जमिनीवरून करायच्या तपासण्या

पहिली तपासणी फुकट आहे: नोंद ठेवा. दिवा किती वाजता विझला, किती वेळाने परत लागला, त्या वेळी आणखी कुठला दिवा विझला का. एकटाच विझत असेल तर दोष त्या फिटिंगमध्ये. पूर्ण रांग विझत असेल तर वर चढायचंच नाही, दोष रांगेच्या सर्किटमध्ये, कॉन्टॅक्टरमध्ये (पूर्ण रांग चालू-बंद करणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचमध्ये) किंवा बोर्डावर आहे. हे इतकं उघड आहे की कुणी करत नाही. एका ठिकाणी चार फिटिंग उघडून झाल्यावर मला कळलं की चारही दिवे एकाच क्षणी विझतात. कॉन्टॅक्टरची कॉइल कधी धरायची, कधी सोडायची. तो अख्खा दिवस माझ्याच चुकीने गेला.

दुसरी तपासणी दहा सेकंदांची, आणि माझ्या मते सर्वांत कामाची. दिवा स्वतःहून विझला की लगेच बटण बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिवा गरम असताना परत पेटायला कित्येक मिनिटं घेतो, पण इंडक्शन गरम असतानाही लगेच पेटतो. त्यामुळे इथे उत्तर स्पष्ट मिळतं. ताबडतोब लागला आणि लागलेलाच राहिला, तर पुरवठ्यात क्षणभर खंड पडला होता: ढिला जोड, सेन्सर किंवा व्होल्टेजची घसरण. लागलाच नाही, किंवा लागून मिनिटाभरात परत विझला आणि अर्ध्या तासाने मात्र लागला, तर उष्णता. बॅलास्ट तापून स्वतःला वाचवतो आहे. पुढच्या कुठल्या तपासणीवर वेळ घालवायचा हे या एका चाचणीवरून ठरतं.

तिसरी, फोटोसेल आणि सेन्सर. अंधार पडल्यावर दिवा लावणारा फोटोसेल त्याच दिव्याच्या उजेडात बसवलेला असेल, तर तो दिवा लागताच "दिवस उगवला" समजून बंद करतो. बंद केला की अंधार, अंधार पडला की परत चालू. फोटोसेलवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून पूर्ण झाका आणि एक रात्र पाहा. दिवा अखंड राहिला तर फोटोसेलची दिशा बदला, एवढंच काम. चालू-बंद करणाऱ्या मोशन सेन्सरचंही असंच: त्याला वगळून दिवा थेट चालवून पाहिल्याशिवाय बॅलास्टला दोष देऊ नका.

चौथी तपासणी, व्होल्टेज. यासाठी मल्टिमीटर लागतो आणि चालू बोर्डावर मोजायची सवय लागते. ती नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बॅलास्टच्या लेबलवर चालण्याची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी ताडून पाहायचं. रिकाम्या वेळी मोजून उपयोग नाही. सगळी यंत्रं चालू असताना, मोठी मोटर सुरू होतानाच्या क्षणी मोजा. कमी व्होल्टेजने उजेड थोडा कमी होईल, बाकी काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. चांगला इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट उजेड कमी होऊ देत नाही. तो वॉट तेवढेच ठेवतो आणि त्यासाठी प्रवाह जास्त खेचतो. जास्त प्रवाह म्हणजे जास्त उष्णता. म्हणून कमी व्होल्टेज वरून दिसत नाही आणि आतून बॅलास्ट भाजत राहतो.

मोजताना एका फेजवर व्होल्टेज बराच जास्त आणि दुसऱ्यावर बराच कमी दिसला, किंवा काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते झाले, तर तिथेच थांबा. मेन बंद करा. न्यूट्रल ढिला असण्याची ही खूण आहे. अशा वेळी २३० व्होल्टच्या उपकरणावर ४०० च्या जवळपास जाणारा व्होल्टेज येऊ शकतो. ही दुरुस्ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनची, इतर कुणाची नाही.

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडण्याबद्दल दोन शब्द. बरेच दिवे एकदम लावताना एमसीबी पडतो आणि एकेक करून लावले तर पडत नाही, तर बॅलास्टमधले कपॅसिटर भरतानाचा क्षणिक प्रवाह त्याला कारण असतो. दिवे गटागटाने लावायचे किंवा योग्य प्रकारचा एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून निवडून घ्यायचा. मोठ्या आकड्याचा एमसीबी टाकून "सोडवू" नका. तो वायरला वाचवण्यासाठी आहे, वायर तेवढीच राहते.

आता वर चढायचं

वर जाण्याआधी एमसीबी बंद, त्यावर कुलूप किंवा निदान ठळक पाटी, आणि खाली एक माणूस. बंद केल्यानंतर निदान दहा मिनिटं थांबा. बॅलास्टच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे ४०० व्होल्ट डीसी साठलेला असतो, बटण बंद केल्याक्षणी तो नाहीसा होत नाही. शिवाय फिटिंग चटका देण्याइतकं तापलेलं असतं. स्थिर शिडीने किंवा परांचीवरून नीट पोहोचता येत नसेल, एका हाताने तोल सांभाळून दुसऱ्या हाताने काम करावं लागणार असेल, तर ते काम उंचीवर काम करणाऱ्यांना द्या. हे दिवे मुळात बसवतातच अशा जागी जिथे पोहोचणं अवघड असतं.

वर गेल्यावर आधी काही उघडू नका, नुसतं पाहा. बॅलास्टवर धूळ, तंतू, कोळ्याची जाळी, पाखरांचं घरटं? बॅलास्टच्या पत्र्याच्या पन्हाळ्या हवेला उष्णता देण्यासाठी असतात, त्यांच्यावर बोटभर धुळीचा थर म्हणजे अंगावर गोधडी. कोरड्या ब्रशने साफ करा. पाणी नाही, ओलं फडकं नाही.

मग बॅलास्ट कुठे बसवलाय ते पाहा. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण वारंवार परतणारा बिघाड बहुतेक इथेच असतो. जुन्या मेटल हॅलाइडच्या बंद फिटिंगमध्ये इंडक्शन दिवा घातला की बॅलास्ट दिव्याच्या डोक्यावर येतो. दिव्याची सगळी गरम हवा वर चढते आणि बॅलास्टला वेढून राहते. त्यात छत तापलेलं असेल तर विचारायलाच नको. एका सभागृहात एकाच जागेवरच्या दिव्याचे लागोपाठ तीन बॅलास्ट गेले होते. तिसरा मीच बसवलेला. चौथ्या वेळी मी तो फिटिंगच्या आत न बसवता बाहेर, बाजूच्या लोखंडी पट्टीवर, वीतभर अंतरावर बसवला. त्यानंतर तिथून बोलावणं आलं नाही.

यात दोन अटी आहेत. बॅलास्टच्या लेबलवर टीसी म्हणून एक बिंदू आणि तापमान छापलेलं असतं. दिवा तासभर चालल्यावर त्या बिंदूचं तापमान छापलेल्या आकड्याखाली राहिलं पाहिजे, तेव्हा अंदाजावर न जाता मोजा. दुसरी अट जास्त महत्त्वाची: बॅलास्ट ते दिवा ही केबल कधीही वाढवू नका. त्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह जातो, केबलची लांबी हा त्या सर्किटचाच भाग असतो. तुकडा जोडून लांबवलीत तर दिवा पेटणार नाही किंवा बॅलास्ट जळेल. केबल पुरेल तेवढंच अंतर.

जुना चोक आणि इग्नायटर अजून वायरिंगमध्ये आहेत का हेही इथेच तपासा. दिवा बदलताना ते काढायचे राहून गेलेले मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलेत. इग्नायटर हजारो व्होल्टचे झटके देण्यासाठी बनवलेला असतो, इलेक्ट्रॉनिक बॅलास्टला ते सोसत नाहीत. इंडक्शन बॅलास्टला थेट पुरवठा हवा, मध्ये काही नको.

यानंतर जोड. प्रत्येक टर्मिनलची वायर हलक्या हाताने ओढून पाहा. काळवंडलेलं टर्मिनल, कडक झालेलं इन्सुलेशन, वायरीचं अर्धंच टोक स्क्रूखाली धरलेलं असणं ही ढिल्या जोडाची चिन्हं. ढिला जोड तापतो, तापून फुगतो, क्षणभर सुटतो, थंड झाला की परत टेकतो. लक्षण अगदी बॅलास्ट तापल्यासारखंच दिसतं, म्हणून तर दहा सेकंदांची चाचणी. अर्थिंगची वायरही याच वेळी पाहा. बॅलास्टमधला फिल्टर अर्थिंगवर अवलंबून असतो, ते तुटलं असेल तर आसपासच्या रेडिओत खरखर वाढते आणि फिटिंगला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात. झिणझिण्या आल्या असतील तर पुढे काही करू नका, इलेक्ट्रिशियन.

"लागतच नाही, टिकटिक होते" या लक्षणासाठी फेराइटकडे वळा. बाहेरच्या कड्यांचा दिवा असेल तर प्रत्येक कडं दोन अर्ध्या तुकड्यांचं असतं आणि ते क्लिपने किंवा पट्टीने एकमेकांवर घट्ट बसवलेलं असतं. त्यांच्यामध्ये कागदाच्या जाडीची फट पडली तरी वेटोळ्याचं गणित बिघडतं आणि दिवा पेटत नाही. हलणाऱ्या यंत्रांच्या वर, पुलावर, सततच्या हादऱ्यांच्या जागी ही क्लिप सैल होते. नीट दाबून बसवा, पण जोर लावू नका. फेराइट हे चिनी मातीसारखं ठिसूळ असतं, तडा गेला तर तो भाग बदलण्याला पर्याय नाही.

अदलाबदल

इथवर काही सापडलं नाही तरच ही तपासणी. शेजारचा चांगला चालणारा, त्याच वॉटचा आणि त्याच बनावटीचा बॅलास्ट काढून या दिव्याला लावा. दिवा तोच ठेवा. दोन्ही वस्तू एकदम बदललीत तर दुरुस्ती होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि चांगली वस्तू भंगारात जाईल. वॉट सारखे आहेत म्हणून वेगळ्या कंपनीचा बॅलास्ट चालेल असं समजू नका. वारंवारता आणि वेटोळं जुळलं पाहिजे, दिवा आणि बॅलास्ट ही जोडी एकत्रच बनवलेली असते.

चांगल्या बॅलास्टवरही दिवा पेटला नाही, तेव्हा काच दोषी म्हणा. बहुधा बारीक तड्यातून किंवा टोकाच्या वितळजोडातून हवा आत गेलेली असते. त्याला दुरुस्ती नाही.

बॅलास्ट दोषी निघाला तर तो उघडून कपॅसिटर बदलण्याचा मोह इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्यांना होतो. मलाही झाला होता. बहुतेक बॅलास्टमध्ये राळ ओतलेली असते, ती खरवडताना बाकीचे भाग तुटतात, आणि दुरुस्त केलेला बॅलास्ट उंचावर, उष्णतेत, कुणाची नजर नसलेल्या जागी टांगायचा असतो. मी आता करत नाही. बॅलास्टकडून दिव्याकडे जाणाऱ्या तारांवर साधा मल्टिमीटरही लावू नका. पेटवतानाचा व्होल्टेज आणि ती वारंवारता त्याच्या आवाक्याबाहेर आहे, मीटर जाईल आणि कदाचित बोटही भाजेल.

हात मागे कधी घ्यायचा

जळकट वास, वितळलेलं इन्सुलेशन, फिटिंगमध्ये पाणी, परत लावताच दुसऱ्यांदा पडलेला एमसीबी, झिणझिण्या, न्यूट्रलचा संशय: यांतलं एकही दिसलं तर मेन बंद करून व्यावसायिकाला बोलवा. एकाच जागेवर दोन वर्षांत दुसरा बॅलास्ट जळला असेल तरीही बोलवा. त्याला "बॅलास्ट बदला" असं सांगू नका, "इथे तापमान आणि व्होल्टेज मोजा" असं सांगा.

जोडीचा बॅलास्ट मिळतच नसेल, आणि आता तो मिळणं अवघड होत चाललं आहे कारण बहुतेक उत्पादक एलईडीकडे वळलेत, तर पूर्ण फिटिंग एलईडीचं करणं व्यवहार्य ठरतं. फक्त एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची वीज पुरवणारी पेटी, त्याच तापलेल्या कोपऱ्यात टांगू नका. त्याच्या आतही तेच कपॅसिटर आहेत.

काढलेला दिवा फुटला नसला तरी कचऱ्यात टाकायचा नाही, त्यात पारा आहे. खोक्यात घालून पारायुक्त दिवे स्वीकारणाऱ्या ई-कचरा संकलनाकडे द्या. उतरवताना फुटलाच तर माणसांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, पंखे आणि एसी बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं कुणी आत जाऊ नका. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, त्याने पारा हवेत पसरतो. बरणीवर "पारा" असं लिहून ती त्याच खोक्यात ठेवा.